टॅक्सीवेवर जळणारे इंधन: परतीचा आकडा आधी कसा ठरवावा

विमान हवेत असते तेव्हा दोन्ही वैमानिकांची नजर इंधनाच्या आकड्यावर वारंवार जाते. तेच विमान टॅक्सीवेवर, म्हणजे रनवेकडे जाणाऱ्या वाटेवर, ब्रेक लावून रांगेत उभे असले की ती सवय सुटत जाते, कारण बाहेर काहीच घडत नसते. इंदूरच्या आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमधली काही मुले-मुली आता विमान कंपन्यांत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून रुजू झाली आहेत. सुट्टीवर आली की ती रामबागेतल्या माझ्या घरी येतात, जेवणाच्या टेबलावर फ्लाइट प्लॅनचे कागद पसरतात आणि बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: "काका, रांगेत अर्धा तास गेला तर नेमके कधी परत फिरायचे?"

माझे उत्तर असे, की रांगेत उभे राहून हे ठरवायला गेलात तर उशीर झालेला असतो. परत फिरण्याचा आकडा, म्हणजे टाकीत किती इंधन उरले की पुन्हा भरून घ्यायला माघारी वळायचे तो, विमान बेवर (उभे राहण्याच्या जागेवर) असतानाच, इंजिने सुरू होण्याआधी, शांतपणे काढून कागदावर लिहिलेला असला पाहिजे. हा आकडा कसा काढायचा, तो जपायचा कसा आणि तो गाठला गेल्यावर काय करायचे, हे पुढे क्रमाने लिहितो. उदाहरण इंदूर-दिल्ली उड्डाणाचे आणि विमान एअरबस ए३२० घेतले आहे. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून पूर्णांकात धरले आहेत. तुमच्या उड्डाणासाठी तुमच्या कंपनीचे मॅन्युअल आणि त्या दिवशीचा फ्लाइट प्लॅन हेच प्रमाण.

आधी इंधनाचे कप्पे ओळखा

टाकीत इंधन एकच असते, पण कागदावर त्याचे कप्पे असतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे असते. उदाहरणातल्या प्लॅनमध्ये टॅक्सीसाठी, म्हणजे जमिनीवरून रनवेपर्यंत जाण्यासाठी, २०० किलो, इंदूर ते दिल्ली प्रवासाचे ट्रिप फ्युएल २७०० किलो, अनपेक्षित खर्चासाठी कंटिन्जन्सी २०० किलो, दिल्लीत उतरता न आल्यास जयपूरला जाण्यासाठी अल्टरनेट फ्युएल १३०० किलो आणि फायनल रिझर्व्ह ११५० किलो आहे. ही बेरीज ५५५० होते. कॅप्टनने त्यावर १५० किलो एक्स्ट्रा मागितले, म्हणून बेवर टाकीत ५७०० किलो आहेत.

यातल्या दोन कप्प्यांविषयी थोडे सांगायला हवे. फायनल रिझर्व्ह म्हणजे जेट विमानाला विमानतळाच्या वर १५०० फुटांवर, होल्डिंगच्या वेगाने ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे इंधन. त्याला हात लावण्याची योजना कोणीही, कधीही करायची नसते. कंटिन्जन्सी सर्वसाधारणपणे ट्रिप फ्युएलच्या ५ टक्के असते, पण पोहोचण्याच्या ठिकाणी ५ मिनिटांच्या होल्डिंगला लागणाऱ्या इंधनापेक्षा ते कमी असून चालत नाही. २७०० चे ५ टक्के १३५ होतात आणि ५ मिनिटांचे होल्डिंग साधारण १९० ते २०० किलो खाते, म्हणून येथे २०० धरले आहेत. लहान पल्ल्याच्या उड्डाणांत ही किमान मर्यादाच बहुधा लागू पडते, हे नव्या वैमानिकांच्या ध्यानात अनेकदा राहत नाही.

दोन आकडे काढा आणि लिहून ठेवा

पहिला आकडा टेक-ऑफच्या क्षणी टाकीत किमान किती हवे हा. टॅक्सी आणि एक्स्ट्रा वगळून उरलेल्या कप्प्यांची बेरीज करा: २७०० अधिक २०० अधिक १३०० अधिक ११५०, म्हणजे ५३५० किलो. बहुतेक फ्लाइट प्लॅनवर हा आकडा छापलेलाच असतो, तरी तो स्वतः एकदा जुळवून पाहावा. बेवरचे ५७०० आणि हे ५३५० यांतला ३५० किलोंचा फरक हीच जमिनीवर खर्च करण्याची तुमची सारी पुंजी. ए३२० ची दोन्ही इंजिने आयडलवर (किमान जोरावर) मिनिटाला साधारण ११ ते १२ किलो जाळतात. १२ धरले तर ३५० किलो २९ मिनिटांत संपतात.

दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे आणि तो छापलेला नसतो. किमान आकडा गाठल्यावर विचार सुरू करून चालत नाही, कारण त्या क्षणी तुम्ही रनवेवर नसून अजून रांगेतच असता. निर्णय झाल्यापासून टेक-ऑफपर्यंत लागणारा वेळ त्यात मिळवायला हवा. मी १० मिनिटे धरतो, म्हणजे १२० किलो. ५३५० अधिक १२०, म्हणजे ५४७०. टाकीतले इंधन ५४७० वर आले आणि टेक-ऑफची खात्रीची वेळ पुढच्या १० मिनिटांतली नसेल, तर परतीची तयारी सुरू करायची. इंजिने सुरू केल्यापासून हा आकडा सुमारे १९ मिनिटांत येतो. अर्धा तास हाताशी आहे असे वाटत असताना प्रत्यक्षात १९ मिनिटेच आहेत, हे बेवरच कळलेले बरे.

हे दोन्ही आकडे फ्लाइट प्लॅनच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा आणि डिपार्चर ब्रीफिंगमध्ये मोठ्याने म्हणा. मोठ्याने म्हणण्याला माझ्या लेखी लिहिण्याइतकेच मोल आहे. आपल्याकडे कॉकपिटमध्येही "सर" आणि "मॅडम" आहेतच, आणि वयाने वा अनुभवाने लहान असलेल्या सहकाऱ्याला ऐन वेळी मोठ्याला थांबवणे जड जाते. आकडा दोघांनी मिळून आधीच मान्य केलेला असला, की धाकट्याला फक्त आकडा वाचून दाखवावा लागतो, वाद घालावा लागत नाही.

बाउझरची पावती आणि टाकीतला आकडा

बाउझर, म्हणजे इंधन भरणारी गाडी, इंधन लिटरमध्ये मोजतो आणि विमान किलोमध्ये. समजा आधीचे २४०० किलो शिल्लक होते आणि ३३०० किलो भरायचे आहेत. घनता ०.७९ धरली तर सुमारे ४१८० लिटर लागतात. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो तेव्हा इंधन प्रसरण पावते, घनता ०.७७५ च्या आसपास येऊ शकते, आणि तेवढ्याच लिटरमध्ये सुमारे ६० किलो कमी येतात. ६० किलो म्हणजे टॅक्सीची ५ मिनिटे. म्हणून पावतीवर त्या दिवशीची घनता पाहा, लिटरला तिने गुणा, आधीची शिल्लक मिळवा आणि विमान दाखवते त्या आकड्याशी ताडून पाहा. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ हवेतच इंधन संपून गिमली येथे ग्लायडरसारखे उतरवावे लागले. त्यामागे इंधनमापकातला बिघाड होताच, पण हातांनी केलेल्या हिशेबात लिटरला किलोच्या घनतेऐवजी पौंडांच्या घनतेने गुणले गेले, ही चूकही होती.

मग सरसकट जास्तच इंधन का भरू नये, असा प्रश्न येतो. लहान पल्ल्यावर हजारभर किलो जास्त वाहून नेण्याचा खर्च तासाला त्या इंधनाच्या तीनेक टक्के, म्हणजे ३० किलोंच्या आसपास असतो. दिल्लीत धुके किंवा मुंबईत पावसाळी ढग असतील तेव्हा हा खर्च मी निःसंकोच करतो. अडचण येते ती वजनाची. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फूट उंचीवर आहे आणि उन्हाळ्याच्या दुपारी हवा इतकी विरळ होते, की टेक-ऑफचे कमाल वजन कमी करावे लागू शकते. विमान प्रवाशांनी आणि सामानाने भरलेले असले तर जास्तीच्या प्रत्येक किलोसाठी काहीतरी खाली उतरवावे लागते. उलट, टॅक्सीत जळेल या हिशेबाने जादा भरलेले इंधन टॅक्सी अनपेक्षितपणे लवकर आटोपल्याने टाकीतच राहिले, तर रनवेच्या तोंडाशी विमान मर्यादेपेक्षा जड भरते. अशा दिवशी मार्जिन अरुंदच राहणार, हे धरून पुढची पावले अधिक काटेकोर असावीत.

खरी बचत बेवर होते

या साऱ्या विषयात मला सर्वांत जास्त आग्रह धरायचा आहे तो येथे. इंदूरला टेक-ऑफची रांग सहसा लांब नसते. आपल्याला थांबवून ठेवतात ते दिल्ली आणि मुंबई. दिल्लीत धुके पडले किंवा मुंबईत एका वेळी एकाच रनवेवर सारी वाहतूक आली, की तिकडे येणाऱ्या विमानांना निघण्याच्या ठिकाणीच रोखले जाते आणि प्रत्येकाला टेक-ऑफची ठरवून दिलेली वेळ मिळते. वैमानिक तिला सीटॉट म्हणतात. हवेत घिरट्या घालण्यापेक्षा जमिनीवर थांबणे हे शहाणपणाचेच आहे, पण जमिनीवर म्हणजे कुठे आणि कोणत्या स्थितीत, याचा निर्णय बराचसा तुमच्या हातात असतो.

बेवर जमिनीवरची वीज जोडलेली असेल तर इंधनाचा खर्च शून्य. एपीयू, म्हणजे विमानातलेच वीज आणि हवा पुरवणारे छोटे सहायक इंजिन, चालू ठेवला तर तासाला साधारण १२० ते १३० किलो, म्हणजे मिनिटाला २ किलोंच्या आसपास. इंजिने सुरू केली की मिनिटाला १२. बेवर एपीयूवर काढलेला अर्धा तास आणि टॅक्सीवेवर इंजिनांवर काढलेला अर्धा तास यांत ३०० किलोंचा फरक पडतो, आणि ३०० किलो म्हणजे दिल्लीच्या आकाशातले जवळजवळ ८ मिनिटांचे होल्डिंग.

म्हणून सीटॉट हातात आली की उलटा हिशेब करा. टॅक्सीला किती मिनिटे, इंजिने सुरू करायला आणि तापायला किती, पुशबॅकला (विमान बेवरून मागे ढकलायला) किती, ती सगळी वजा करून पुशबॅकची वेळ काढा, वर चारपाच मिनिटांचा अवकाश ठेवा आणि त्याआधी बे सोडू नका. येथे एक दबाव आड येतो आणि तो खरा आहे. उड्डाण वेळेवर निघाले की नाही हे बे सोडल्याच्या वेळेवरून मोजले जाते, त्यामुळे दारे लावून पुशबॅक करून टाकावा अशी ग्राउंड स्टाफची विनवणी असते, आणि तुमच्या बेची वाट पाहत दुसरे विमानही उभे असू शकते. बे खरोखरच हवा असेल तर टॉवरला विचारा, की पुशबॅक करून इंजिने न लावता बाजूला उभे राहण्याची जागा आहे का. निव्वळ वेळेच्या नोंदीसाठी मात्र इंजिने लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उशिराचे कारण नोंदवता येते. जळलेले इंधन परत येत नाही.

उन्हाळ्यात केबिन तापते, लहान मुले रडू लागतात, म्हणून एपीयू लवकर लावावा लागतो. तो लावावा आणि त्याचे किलो हिशेबात धरावेत. हिवाळ्याच्या पहाटे तापमान १० अंश किंवा त्याखाली असून धुके असेल, तर इंजिन अँटी-आइस (इंजिनात बर्फ साचू न देणारी यंत्रणा) चालू ठेवावे लागते आणि जळण वाढते. त्या दिवशी १२ ऐवजी जो दर प्रत्यक्ष दिसेल तोच वापरावा.

टॅक्सीवेवर दर पाच मिनिटांनी

इंजिने सुरू झाल्यावर वेळ आणि टाकीतला आकडा लिहा. पुढे दर पाच मिनिटांनी, विमान उभे असताना, दोन गोष्टी पाहा. पहिली, जळण्याचा दर. पाच मिनिटांत ६० किलोंऐवजी ८० जळत असतील तर तुमचा परतीचा आकडाही वर सरकतो, कारण १० मिनिटांना आता १२० ऐवजी १६० किलो लागणार आहेत. दुसरी, टाकीत असलेले आणि आतापर्यंत इंजिनांनी वापरलेले यांची बेरीज सुरुवातीच्या आकड्याशी जुळते का. एपीयूने वापरलेले किलो वगळून ती सतत घटत असेल, तर गळतीची शक्यता आहे आणि प्रश्न रांगेचा उरत नाही.

पुढची विमाने मोजा. समोर पाच असतील आणि प्रत्येकाला तीन मिनिटे धरली तरी १५ मिनिटे, म्हणजे १८० किलो. मधे उतरणारी विमाने असतील तर त्याहून जास्त. टॉवरला "किती उशीर?" असे मोघम विचारू नये. "आमच्या टेक-ऑफची अपेक्षित वेळ सांगा, आम्ही अमुक वाजून अमुक मिनिटांपर्यंत थांबू शकतो," असे सांगावे. घड्याळाची वेळ सांगितली की नियंत्रकालाही तुमची जागा ठरवता येते.

एका इंजिनावर टॅक्सी करणे हा चांगला उपाय आहे, पण त्याने जळण निम्मे होते हा समज चुकीचा आहे. चालू इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो आणि बहुधा एपीयूही चालू ठेवावा लागतो. शिवाय दुसरे इंजिन टेक-ऑफआधी काही मिनिटे तापलेले हवे, त्यामुळे ते कधी लावायचे हे रांगेतल्या जागेवरून ठरवावे लागते. निसरड्या टॅक्सीवेवर, चढावर, जड विमानात किंवा अरुंद वळणावर मी ते टाळतो. उभे विमान एका इंजिनावर हलवताना मागे जाणारा झोत जोरदार असतो, आणि मागे माणसे वा गाड्या असण्याची शक्यता नेहमीच असते.

कंटिन्जन्सीला जमिनीवर हात लावावा का?

आंतरराष्ट्रीय नियमांत कंटिन्जन्सी ज्या अनपेक्षित गोष्टींसाठी असते, त्यांत टेक-ऑफपूर्वीची लांबलेली टॅक्सीही मोडते. त्यामुळे ५३५० च्या खाली जाऊन टेक-ऑफ करणे सदासर्वकाळ निषिद्ध आहे असे नाही. मात्र ज्या कामासाठी इंधन ठेवले होते त्याहून वेगळ्या कामासाठी ते वापरले गेले, तर पूर्ण बेताचे पुन्हा विश्लेषण करणे आणि गरज पडल्यास बेत बदलणे बंधनकारक असते, आणि काही कंपन्यांचे नियम याहून कडक असतात. डिस्पॅचरशी (कंपनीत उड्डाणाचा बेत आखणाऱ्याशी) बोलून जवळचा अल्टरनेट, थोडा सरळ मार्ग किंवा अधिक अनुकूल उंची मिळाली, तर नवा किमान आकडा निघतो आणि त्या आकड्यावर निघणे योग्यच ठरते. हे बोलणे ५४७० च्या आधी झाले पाहिजे. दिल्लीत हवा स्वच्छ असेल तर मी अशा बदलाला तयार असतो. ज्या कारणाने आपल्याला रोखले आहे ते कारण दिल्लीचे धुके असेल, तर कंटिन्जन्सी तिकडेच लागणार हे उघड आहे, आणि तेव्हा मी ती जमिनीवर खर्च करत नाही.

हवेत गेल्यावरचे शब्द ठरलेले आहेत. एका विमानतळावर उतरण्याचे नक्की झाले आणि दिलेल्या परवानगीत जराही बदल झाला तर फायनल रिझर्व्हपेक्षा कमी इंधनात उतरावे लागेल, अशी स्थिती आली की "मिनिमम फ्युएल" म्हणायचे. तसे उतरावे लागणारच असे हिशेबाने दिसले, की "मेडे, मेडे, मेडे, फ्युएल". २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कला उतरू पाहणारे एव्हियांकाचे ५२ क्रमांकाचे उड्डाण एकूण ७७ मिनिटे होल्डिंगमध्ये राहिले. वैमानिकांनी प्राधान्य मागितले, इंधन संपत आल्याचेही सांगितले, पण आणीबाणीचा शब्द उच्चारला नाही, आणि विमानातल्या १५८ पैकी ७३ जणांचा मृत्यू झाला.

परत फिरताना

परतीचा निर्णय झाल्यावर पहिली अडचण जागेची असते. मागे दुसरे विमान उभे असेल तर वळता येत नाही, रनवेवर शिरून पुढच्या टॅक्सीवेने बाहेर पडावे लागते. म्हणून आकडा गाठण्याच्या पाच मिनिटे आधीच टॉवरला सांगून ठेवावे, की आम्हाला परतावे लागू शकते. त्याच वेळी कंपनीला रेडिओवरून बे, बाउझर आणि नवा फ्लाइट प्लॅन यांची मागणी कळवावी. किती किलो हवेत हे नेमके सांगावे. लोडशीटमध्ये (विमानाच्या वजनाच्या तक्त्यात) बदल होईल, नवी सीटॉट घ्यावी लागेल, आणि तुमची व केबिन क्रूची ड्युटीची मर्यादा या विलंबात बसते का हेही पाहावे लागेल. प्रवासी आत असताना इंधन भरायचे असेल तर पट्टे सोडलेले, बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे आणि क्रू आपापल्या दारांशी, ही व्यवस्था इंधनाची नळी जोडण्याआधी झालेली हवी.

प्रवाशांना "इंधन कमी आहे" एवढेच सांगू नये, कारण ते वाक्य अपुरे आहे आणि घाबरवते. "दिल्लीत जास्त वेळ थांबावे लागले तरी पुरेल एवढे इंधन सोबत असावे म्हणून आपण ते पुन्हा भरत आहोत, सुमारे पाऊण तास लागेल," असे सांगितले की लोक ऐकून घेतात.

वरचे आकडे ज्या संध्याकाळवरून घेतले आहेत ती जानेवारीतली होती. तेव्हाच्या माझ्या कंपनीत वेळेवर निघण्याचा आग्रह मोठा होता आणि मी सीटॉटच्या बऱ्याच आधी पुशबॅक केला, ही माझी चूक. ती वेळ नंतर आणखी पुढे ढकलली गेली. कॉकपिटमध्ये माझ्या शेजारी लोकमान्य नगरातली एक तरुण फर्स्ट ऑफिसर होती, नोकरीला पुरते वर्षही झाले नव्हते. आकडा आला तेव्हा ती म्हणाली, "सर, ५४७०." मी म्हणालो, "एवढा वेळ थांबलोच आहोत, अजून पाच मिनिटे बघू." ती क्षणभर गप्प राहिली, मग क्लिपबोर्ड माझ्याकडे वळवून पेन्सिलीच्या आकड्यावर बोट ठेवत म्हणाली, "सर, आपण ५४७० ठरवले होते. आता ५४४० आहे." मी टॉवरला परतीची परवानगी मागितली.

बेवर आलो, बाउझर लागला, ९०० किलो, म्हणजे सुमारे ११४० लिटर घेतले. पावती आली तेव्हा तिने घनता पाहून गुणाकार केला, टाकीतल्या आकड्याशी ताडला आणि जुना कागद बाजूला ठेवून नव्या फ्लाइट प्लॅनच्या कोपऱ्यात दोन नवे आकडे लिहिले. त्या रात्री दिल्लीने आम्हाला एक मिनिटही थांबवले नाही. ते ९०० किलो बहुतांशी तसेच टाकीत होते, आणि उतरल्यावर शिल्लक लिहिताना तिने विचारले, की परतीच्या इंदूर उड्डाणासाठी दिल्लीची टॅक्सी किती मिनिटांची धरायची. आम्ही तिकडच्या रनवेची लांब टॅक्सी आणि समोर दिसणारी रांग पाहून ३५ मिनिटे धरली.